वायर जोडलेली आहे, असं मी म्हणाले

जमादार, तुम्ही गेल्याचं मला दत्तानं सांगितलं. दौंडच्या डेअरीत दूध खाली करून तो परत आला होता आणि दारात पाय धूत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आई, जमादार वारले. परवा. घरीच. जेवून उठले आन् खुर्चीत बसले ते बसलेच."

मी म्हटलं, "कोणचे जमादार?"

"किती जमादार वळखतीस तू?"

मी आत गेले. चुलीवरचं दूध उतू जायला आलं होतं, ते उतरवलं. रडले वगैरे नाही. रडले म्हणून लिहिलं असतं तर तुम्हालाही ते खरं वाटलं नसतं.

घरी गेलात, हे एक बरं झालं. नऊ वर्षं तुम्ही निमोण्याच्या फाट्यावर, माझ्या घरापुढच्या चिंचेखाली, डांबरापासून दोन हातांवर उभे राहून लॉऱ्यांचा वेग मोजत होता. मला कायम वाटायचं, एखादा लॉरीवाला शेवटी तुम्हालाच उडवणार. मी तसं तोंडावर बोलले होते. तुम्ही म्हणाला होता, "उडवलं तर निदान किती वेगानं उडवलं ते तरी कळंल."

तुमची पोलिसांची पांढरी गाडी पहिल्यांदा त्या चिंचेखाली लागली तेव्हा तिथं माझी म्हैस बांधलेली होती. तुम्ही खाली उतरलात. आधी पोट उतरलं, मग तुम्ही.

"मावशी, म्हस जरा पलीकडं घ्या. सरकारी काम हाय."

"म्हशीचं बी कामच चाललंय. रवंथ करतीया."

तुम्ही गाडी पुढं घेतलीत, म्हैस आपल्या जागी राहिली. तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते मिटलंच नाही.

तुमच्या हातात दुर्बिणीसारखं ते काळं यंत्र असायचं. लांबून येणाऱ्या लॉरीवर धरलं की त्यात आकडा उमटायचा. आमच्या फाट्यावर पाटी चाळीसची आहे. शाळा आहे, कालव्याचा पूल आहे, बाया डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडतात. आणि रांजणगावच्या कंपन्यांचा माल घेऊन पाटसकडे निघालेल्या सगळ्या लॉऱ्या आमच्या दारावरून जातात. चाळीसनं जाणारी लॉरी तोवर मी एकच पाहिली होती, आणि तिचं चाक पंक्चर होतं.

पण तुम्ही बसायचात कसे? तर झाडाच्या आड. खोडाच्या मागून नुसतं यंत्र पुढं. मला ते बघवेना. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी चहा घेऊन आले आणि विचारलं, "चोरासारखं झाडाआड काय बसता?"

"दिसलो तर हळू होत्यात, मावशी."

"मग दिसा की. हळूच करायच्यात न्हवं?"

"समदेच हळू झाले तर केस कुणावर करायची? साहेब इचारत्यात, आज केसा किती."

"तुम्हाला केस पायजे का हळू पायजे?"

तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकलात, प्यायलात. पुढं जेव्हा जेव्हा मी हे विचारलं तेव्हा तुम्ही असंच काहीतरी करायला घेतलंत. एकदा तर धड बसलेला बूट काढून परत घातलात.

वेग मोजायला मात्र तुम्ही मला शिकवलंत. मी म्हणाले होते की यंत्रात बघून काय सांगता, मी नुसती बघून सांगते. तुम्ही हसलात आणि मला विजेचे दोन खांब दाखवलेत. म्हणालात, लॉरीचं तोंड पहिल्या खांबाला आलं की एक म्हणायचं. दुसऱ्या खांबापर्यंत पाच म्हणून झाले तर गाडी कायद्यात. तीनातच गेली तर साठच्या वर. मग आठवडाभर आपण तेच केलं. मी ओट्यावर बसून शेंगा फोडत आकडे मोजायचे आणि मोठ्यानं सांगायचे, तुम्ही यंत्र बघायचात. बहुतेक वेळा जुळायचं. तुमच्याबरोबरचा ड्रायव्हर म्हणाला, "जमादार, मशीन परत करा. मावशीलाच हितं उभं करा." पुढं माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही बघायला आलात आणि तब्येत विचारायच्या आधी विचारलंत, "आता किती मोजता?" शिरूरच्या दवाखान्यात माझ्या गळ्यात पडून रडणारे नातेवाईक आले होते. त्यांच्यापेक्षा मला तुमचं ते विचारणं बरं वाटलं. हे तेव्हा बोलले नाही. ते तरी कशाला बोलायचं, असं वाटलं.

लुगड्याची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, पण सगळी नाही. ती दत्तानं काढली होती. दत्ता दुधाचा टँकर चालवतो. गावोगावचं दूध गोळा करून दौंडला पोचवायचं. त्याच्यासारख्याला तुमची गाडी म्हणजे डोक्याला ताप. तो म्हणाला, "आई, ते आले की तुझं हिरवं लुगडं कुंपणावर टाकत जा. मला लांबून दिसंल." मी टाकायला लागले. मला त्यात काही गैर वाटलं नाही. आईनं मुलाला ओरडून सांगितलं काय आणि लुगडं टाकून सांगितलं काय.

दत्तानं ते एका दोस्ताला सांगितलं, दोस्तानं चौघांना. महिन्याभरात अख्ख्या रस्त्याला माहीत झालं. तुम्ही आलात की पाचव्या मिनिटाला लॉऱ्या बैलगाडीसारख्या जायला लागायच्या. मागून येणाऱ्या बसमधले लोक खिडकीतून डोकं काढून बघायचे, पुढं काय झालंय म्हणून. तुमच्या केसा बंद पडल्या. तुम्हाला कारण कळेना. शेवटी एका उत्तर प्रदेशातल्या ड्रायव्हरनं तुम्हाला सांगून टाकलं, "अम्मा की हरी साड़ी दिखती है साहब, तो सब धीरे कर लेते हैं." तो बिचारा समजत होता की ती तुम्हीच लावलेली खूण आहे.

तुम्ही सरळ कुंपणापाशी आलात.

"मावशी, लुगडं झकास हाय. रोज त्येच धुता व्हय?"

"माझं लुगडं, माझं पाणी."

"पाणी कुठं लागलंय? सुकलेलंच टाकता. मी हात लावून बघितलं."

"परक्या बाईच्या लुगड्याला हात लावता? पोलीस झालात म्हणून?"

तुम्ही असे लाल झालात की तुमचा ड्रायव्हर गाडीच्या मागं जाऊन हसला. मला वाटलं, आता चौकीत बोलावतील. तुम्ही तसं काही केलं नाहीत. लांबवर एक मालाची लॉरी येत होती, शाळेपाशी आल्यावर अगदी पायानं चालल्यासारखी झाली. एका बाईनं पोर काखेत घेऊन आरामात रस्ता ओलांडला. तुम्ही ते बघत उभे राहिलात. मग म्हणालात, "उद्या मी न्हाई. उद्या बी टाका."

"मी काय सरकारची पगारी हाय?"

"न्हाई. म्हणून तर सांगतोय."

तेव्हा मला कळलं की केस की हळू, याचं तुमचं उत्तर काय आहे. पण तोंडानं तुम्ही ते कधीच दिलं नाहीत.

मी रोज टाकलं, तर पंधरा दिवसांत लोक सोकावले. रोज टाकलेल्या लुगड्याला कोण भितं? मग मीच ठरवलं, की तुम्ही असताना कधी टाकायचं, कधी नाही. नसताना कधी टाकायचं, कधी नाही. कुणाला काही सांगायचं नाही, तुम्हालाही नाही. मग कुणाला अंदाज येईना. सगळे आपले दररोज हळूच. पुढची दोन वर्षं शाळेपुढं कुत्रंसुद्धा मेलं नाही. हे काम आपण दोघांनी केलं आणि दोघांनीही कुणाला सांगितलं नाही, कारण तुमच्या साहेबाला हे पटलं नसतं आणि माझ्या मुलालाही नाही.

मुलाला ते कळलंच. एका दिवशी घरी येऊन त्यानं हेल्पर बरोबर असताना माझ्यावर आवाज चढवला. "कालचं लुगडं खोटं व्हतं, आई. मी उगंच रांगत गेलो. दूध तिथं माझी वाट बघत ऱ्हातं का? तू माझी हायस का पोलिसाची?"

मी म्हणाले, "मी शाळेपुढं ऱ्हाती."

त्यालाही मी समजून घेते, जमादार. तुम्हीही घ्यायचात. डेअरीत वेळेत पोचलं नाही तर दुधाची तपासणी होते, गाडी बाजूला लागते, कधी सगळं दूध माघारी येतं. एका टाकीत शंभर घरांचं दूध असतं. लॉरी हळू चालवा म्हणून पाटी लावणारा एक असतो, दूध लवकर आणा म्हणणारा दुसरा. आणि मधे स्टेअरिंगवर माझा मुलगा. हे तुम्हीच एकदा मला सांगितलं होतंत. "मी हितं उभा राहून ड्रायव्हरला धरतो. त्याला पळवणारा आपला आत पंख्याखाली बसलेला असतोय."

आता जे सांगायचं ते सांगते.

टँकरला साठच्या वर पळता येऊ नये म्हणून एक यंत्र बसवलेलं असतं, गव्हर्नर म्हणतात त्याला. वर्षातून एकदा गाडी पासिंगला न्यायची असते, तेव्हा ते चालू आहे का बघतात. आमच्याकडची रीत अशी, की पासिंगपुरती वायर जोडायची आणि घरी आलं की सोडायची. लग्नापुरता उसना दागिना घालावा तसं. त्या वर्षी पासिंग करून आल्यावर दत्तानं अंगणातच डॅशबोर्डखालचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "आई, सुरी दे."

मी भाजीची सुरी दिली. त्यानं वायर कापली, दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळली, पुढच्या पासिंगला परत जोडता यावी म्हणून. मी शेजारी उभी होते. रोज दुसऱ्यांच्या लॉऱ्या मोजणारी मी त्याला काय म्हणाले असेन? "हात कापून घिऊ नको." एवढंच म्हणाले.

त्यानंतरची ती सकाळ. लुगडं कुंपणावर होतं आणि तुम्हीही खरोखरच होता. दत्ताला वाटलं, नेहमीसारखं खोटं. मी ओट्यावर होते. त्याचा टँकर पहिल्या खांबाला आला आणि मी सवयीनं मोजायला लागले. तीन म्हणून झाले तेव्हा तो दुसऱ्या खांबाच्या पुढं होता. तुम्ही हात केलात. तो थांबला.

"मावशी, हा तर तुमचा."

मी तोऱ्यात म्हणाले, "माझाच. माझा म्हणून सोडू नका."

तुम्ही सोडलं नाहीत. वेगाचं चलन केलंत, फोटो काढलात, सगळं रीतसर. मग यंत्रातल्या आकड्याकडे परत बघितलंत. "साठावर बांधलेली गाडी बासष्टनं कशी आली रं?"

दत्ता म्हणाला, "उतार हाय साहेब. टाकी बी भरलीया."

उतार आहेच तिथं. तुम्ही रस्त्याकडे बघितलंत. मग टँकरच्या पायरीवर एक पाय ठेवलात, हात दाराला लावलात. आत डोकं घालून झाकण उघडायला तुम्हाला किती वेळ लागला असता? एक मिनिट. दत्ताचा चेहरा पिठासारखा झाला होता. लायसन्स जाणार, टँकर जागेवर उभा राहणार, मालक त्याला परत दारात उभं करणार नाही, हे सगळं मला एकदम दिसलं. आणि तुम्ही पायरीवरूनच मान वळवलीत आणि मला विचारलंत, "मावशी, वायर जोडलेली हाय न्हवं?"

मी म्हणाले, "जोडलेली हाय."

"तुम्ही म्हणता म्हंजी पंचनामाच झाला," असं म्हणून तुम्ही पाय खाली घेतलात.

मी तुम्हाला पोट्या म्हणाले होते, लपून बसणारा म्हणाले होते, तुमच्या साहेबाला त्याच्या तोंडावर बिनकामाचा म्हणाले होते. तुम्ही म्हणायचात, मावशीचं तोंड वाईट पण वजन बरोबर. त्या वजनावर तुम्ही तो माल घेतलात. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुम्ही झाकण उघडलं असतंत.

महिनाही झाला नव्हता. न्हावरे गावाच्या पुढच्या वळणावर एक मेंढपाळाचं कुटुंब कळप घेऊन रस्ता ओलांडत होतं. दत्ताला उशीर झाला होता. टाकी अर्धीच भरलेली होती. अर्धी टाकी जास्त वाईट, हे मला तेव्हा कळलं. ब्रेक मारला की आतलं दूध पुढं धावतं आणि थांबणाऱ्या गाडीला मागून ढकलतं. दत्तानं ब्रेक मारला होता, डांबरावर काळे पट्टे होते. गाडी थांबलीच नाही. चौदा मेंढरं गेली.

शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून मी तिथं पोचले तेव्हा तुम्ही आधीच आला होता. वर्दीच्या बाह्या वर करून मेलेली मेंढरं एकेक करून कडेला ओढत होता. मेंढपाळाची बायको रस्त्यात बसली होती. तिच्या हातातली काठी टँकरच्या बंपरनं मोडली होती आणि तिला ओरखडासुद्धा नव्हता. काठीएवढंच अंतर होतं, जमादार. ती त्या मोडक्या काठीकडे बघत होती. दत्ता चाकाजवळ उकिडवा बसून ओकत होता.

मेंढपाळ म्हातारा होता. ओरडला नाही. तुमच्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, तिकडं फाट्यावर रोज उभं ऱ्हाता म्हणं. ह्या गाडीला कवा बघितलं न्हाई का?"

तुम्ही वाकून पुढच्या मेंढराचे पाय धरलेत.

मग आरटीओचे साहेब आले. त्यांनी झाकण उघडलं, काळी टेप बाहेर ओढून सगळ्यांना दाखवली. विचारलं, याआधी ही गाडी कुणी थांबवली होती का. मी तुमच्यापासून चार पावलांवर उभी होते.

"मी थांबवली व्हती, साहेब. झाकण उघडून बघितलं न्हाई."

"का नाही बघितलं?"

"चूक झाली."

तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. बघितलं असतंत तर मी बोलले असते का? मला माहीत नाही. बोलले असते असं आता लिहिणं सोपं आहे, म्हणून लिहीत नाही.

परत जाताना तुम्ही हात धुवायला माझ्या दारात थांबलात. मी तांब्यानं पाणी ओतत होते आणि ओतता ओतता म्हणाले, "तुम्ही बघायला पायजे व्हतं." हे मी म्हणाले, जमादार. माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं.

तुम्ही म्हणालात, "व्हय मावशी. माझ्यामुळं झालं."

आणि मी ते तसंच राहू दिलं. तुमचे हात स्वच्छ होईपर्यंत पाणी ओतलं, फडकं दिलं. तुम्ही गेलात.

तुम्हाला मेमो मिळाला आणि सहा महिने दौंडला टेबलाच्या कामाला बसवलं, हे दत्तानं सांगितलं. दत्ताचं लायसन्स काही महिने बंद होतं. तो घरी बसून म्हशीचं शेण काढायचा. पुढं दुसऱ्या मालकाच्या टँकरवर लागला. त्या वायरीबद्दल आम्ही मायलेकांनी परत कधी तोंड उघडलं नाही. त्याला वाटतं, त्या दिवशी आईनं आपल्याला वाचवलं. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी तुम्ही झाकण उघडलं असतंत तर त्याचं लायसन्स जायचं ते तेव्हाच गेलं असतं, आणि मेंढरं पुढच्या गावाला गेली असती.

सहा महिन्यांनी तुमची पांढरी गाडी परत चिंचेखाली लागली. तुम्ही वाळला होता. आधी तुम्ही उतरलात, पोट मागून आलं. "म्हस कुठं गेली?" म्हणालात. मी म्हणाले, इकली. "मग आता भांडायला कोण?" म्हणालात. मी आत जाऊन भाकरी आणि ठेचा आणला. तुम्ही डबा उघडलात. तुमच्या डब्यातली वांग्याची भाजी मला दिलीत, नेहमीसारखी.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं तुम्ही येत होता. प्रत्येक वेळी मी मनाची तयारी करून ठेवायचे. आज विचारतील, मावशी, तुम्हाला माहीत व्हतं का? आणि तुम्ही विचारायचात, आज काय शिजवलंय. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं, की कळून तुम्ही गप्प होता? पहिलं असेल तर तुम्ही फार साधे होता. दुसरं असेल तर तुम्ही मला शिक्षाच दिलीत, आणि ती बरोबर दिलीत. ठेचा खाताना तुमचे डोळे पाणवायचे. मिरचीनंच पाणवायचे, उगाच दुसरं काही म्हणणार नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाला मी दौंडला आले होते. एसटीनं, दत्ताला न सांगता. स्टेशनच्या पलीकडं तुमचं घर शोधायला वेळ लागला. वर्दीतला फोटो होता, त्यात पोट दिसत नव्हतं, म्हणजे जुना असणार. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बुद्धवंदना म्हणत होती. मला शब्द येत नव्हते. मी हात जोडून बसले.

तुमची बायको माझ्याजवळ आली. "तुम्ही फाट्यावरच्या मावशी का? ठेचावाल्या?"

"व्हय."

"त्यांनी तुमचं काही काम अडवलं होतं का कधी? एवढ्या लांबनं आलात म्हणून विचारते."

"न्हाई वं. आम्ही भांडायचो."

ती हसली. मला म्हणाली, जेवल्याशिवाय जायचं नाही. मी तिला सांगायलाच आले होते. पण तिच्या मागं बायांची रांग होती आणि ती प्रत्येकीचे हात धरत होती. माझेही धरले. मी तिच्या हातात माझं ओझं ठेवून परत यायचं, हे मला पटलं नाही. मी जेवले आणि आले.

काल गाडी आली होती. तुमच्या जागी तरुण हवालदार आला आहे. उघड्यावर उभा राहतो, झाडाआड बसत नाही. दत्ताचा टँकर आला. मी मोजलं, पाच झाले. तरी त्यानं हात केला, कागद बघायला म्हणून. मी कुंपणापाशी गेले. त्यानं मला ओळखलं.

"मावशी ना तुम्ही? जमादारांनी सांगून ठेवलंय आम्हाला. फाट्यावरची मावशी कवाच खोटं बोलत न्हाई. हा तुमचाच मुलगा ना? गव्हर्नर चालू हाय न्हवं ह्याचा? तुम्ही हो म्हणा, सोडतो लगेच."

दत्ता वरून माझ्याकडे बघत होता. ह्या नव्या टँकरची वायर जोडलेली आहे की कापलेली, मला माहीत नव्हतं. पासिंग होऊन दोन महिने झाले होते. सुरी मी ह्या वेळी दिली नव्हती, पण सुऱ्या काय, शिरूरच्या बाजारात ढिगानं मिळतात.

मी म्हणाले, "मला इचारू नका. झाकण उघडा आन् बघा."

"अहो, तुमच्या शब्दावर..."

"माझ्या शब्दावर कुणालाच सोडू नका. मी आई हाय त्याची. उघडा."

दत्ता म्हणाला, "आई!" तेवढंच.

हवालदार वर चढला. मी कुंपणाची तार धरून उभी राहिले. मिनिटभरानं तो खाली उतरला, हात झटकले.

"जोडलेली हाय मावशी. सील बी शाबूत हाय. मग असं का म्हणालात?"

दत्तानं गाडी सुरू केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. रात्री माझ्या हातचं जेवला नाही. जेवेल दोन दिवसांनी.

त्या हवालदार पोराला मी काही सांगितलं नाही. ते आधी तुम्हाला सांगायचं होतं, जमादार. तुम्ही विचारलंत तेव्हा वायर कापलेली होती, आणि मला ते माहीत होतं.